चोवीस मिलिग्रॅमची शांतता

धाराशिव जिल्ह्यात चहाचा एकही मळा नाही, आणि तो असण्याचे कारणही नाही. चहाच्या झुडपाला आम्लधर्मी माती लागते, डोंगरउतारावरचा निचरा लागतो, बारमाही ओल लागते. इथे बालाघाटाच्या रांगेवर मुरूम, खाली काळी चिकण जमीन, आणि पाऊस आला तर आला. तरीही परंड्यापासून उमरग्यापर्यंत कोणत्याही घरी जा, पाण्याच्या तांब्यापाठोपाठ चहाची कपबशी येते. नको म्हटले तर घरधनी दुखावतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर पाहुण्याच्या हाती गूळ-पाणी पडे आणि उठताना पानसुपारी. परमुलखातून आलेल्या वस्तू या भागाला नव्या नाहीत. या जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर. तिथले कापड पैठणमार्गे भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून पश्चिमेच्या जहाजांत चढे, हे पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलेले आहे. पण मिरची सोडली, तर बाहेरून आलेल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूने इथल्या माणसाचा दिवस चहाइतका बांधून टाकलेला नाही.

आता त्याच चहातला एक घटक वेगळा काढून विकला जात आहे. त्याचे नाव एल-थिअनिन. हे एक अमिनो आम्ल आहे. मन शांत होते, लक्ष लागते, झोप सुधारते, असे सांगत त्याच्या कॅप्सूल मोबाइलवरच्या जाहिरातींतून गावागावांत पोचल्या आहेत. लातूरच्या शिकवण्यांना जाणारी इथली मुले, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणारी आणि दुपारी अभ्यासिकेत बसणारी पोरे, हप्ते थकलेले दुकानदार, झोप उडालेले शेतकरी या सर्वांपुढे हा माल मांडला जातो आहे. त्यामुळे या घटकात खरोखर काय आहे, किती आहे आणि कोणाला मिळते, याचा विचार धाराशिवच्या बाजूने व्हायला हवा. आमचे मत आधीच सांगून टाकतो. चहातली शांतता खरी आहे, पण थोडी आहे; आणि या जिल्ह्याच्या इतिहासात तिचा लाभ ज्याला बसून चहा पिता आला, त्यालाच झाला.

सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी, १३ तारखेला, नळदुर्ग घेतला आणि पाचव्या दिवशी निजामाची राजवट संपली. जिल्ह्याच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा बदल. त्याच सुमारास, १९४९ मध्ये, जपानमधल्या क्योतो इथे याजिरो साकातो या संशोधकाने ‘ग्योकुरो’ नावाच्या उंची हिरव्या चहाच्या पानांतून थिअनिन वेगळे काढले. त्या चहाला जी दाट, जिभेवर रेंगाळणारी चव असते, तिच्यामागे मुख्यतः हाच घटक आहे. पंधरा वर्षांनी, १९६४ मध्ये, जपानने अन्नपदार्थांत ते वापरण्यास परवानगी दिली.

थिअनिन तयार कसे होते, हे शेतकऱ्याने तरी जाणून घ्यावे असे आहे. चहाचे झुडूप ते आपल्या मुळांत बनवते. जमिनीतून घेतलेल्या नत्रापासून ग्लुटामिक आम्ल आणि एथिलअमाइन तयार होतात, त्यांच्या जोडणीतून थिअनिन होते, आणि ते रसाबरोबर वर चढून कोवळ्या शेंड्यांत साठते. पानावर ऊन पडले की त्याचे विघटन होते आणि त्यातला अंश कॅटेचिन नावाच्या तुरट द्रव्यांत जातो. ऊन जास्त तर तुरटपणा जास्त, सावली जास्त तर थिअनिन जास्त. म्हणून ग्योकुरोच्या मळ्यावर तोडणीआधी सुमारे तीन आठवडे आच्छादन घालतात. पूर्वी त्यासाठी गवताच्या चटया असत. जपानी शेतकऱ्याने हे शतकानुशतके केले ते चवीसाठी. त्यामागचे रसायन विसाव्या शतकात कळले.

त्याच्याही आधी, १२११ मध्ये, एइसाई या झेन भिक्षूने ‘किस्सा योजोकी’ हा चहाचे गुण सांगणारा ग्रंथ लिहिला होता. ध्यानाला बसलेल्या भिक्षूला दोन गोष्टी हव्या असत: डुलकी येऊ नये आणि मन भिरभिरू नये. चहात या दोन्हींची सोय होती. कॅफीन जागे ठेवी आणि दुसरे काहीतरी त्या जागेपणाची धार बोथट करी. धाराशिव शहरालगतच्या डोंगरात पाचव्या-सातव्या शतकांत कोरलेली लेणी आहेत. ती मुळात बौद्धांची की जैनांची, यावर अभ्यासकांत वाद आहे. इथे ध्यानाला बसणाऱ्यांनी चहा पाहिलाही नसेल. मनाची स्थिरता मिळवायला चहा लागतोच असे नाही, हे सांगायला तेवढा पुरावा पुरे.

आधुनिक प्रयोगांनी जे दाखवले ते असे. थिअनिनची रचना ग्लुटामेटसारखी आहे, आणि ग्लुटामेट हे मेंदूत उत्तेजनाचे निरोप नेणारे प्रमुख द्रव्य. पोटात गेलेले थिअनिन रक्तातून मेंदूत पोचते. १९९०च्या दशकात जपानी संशोधकांना असे आढळले की थिअनिन घेतल्यावर मेंदूत अल्फा लहरी वाढतात. या लहरी सेकंदाला साधारण ८ ते १३ असतात आणि माणूस जागा पण निवांत असताना उमटतात. २००७ मध्ये किमुरा आणि सहकाऱ्यांनी बारा जणांना अवघड तोंडी गणिते घातली. ज्यांना आधी २०० मिलिग्रॅम थिअनिन दिले होते त्यांच्या हृदयाचे ठोके ताणाखाली कमी वाढले. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या प्रयोगात ५० मिलिग्रॅम कॅफीनसोबत १०० मिलिग्रॅम थिअनिन दिले, तेव्हा एका कामावरून दुसऱ्या कामावर लक्ष वळवण्याचा वेग आणि अचूकपणा सुधारला आणि लक्ष विचलित होणे कमी झाले. श्रीलंकेतल्या संशोधकांनीही या जोडीवर काम केले आहे. एकंदरीत थिअनिन एकटे असते त्यापेक्षा कॅफीनच्या जोडीला असते तेव्हा लक्षाच्या बाबतीत त्याचा पुरावा बळकट आहे.

पण हे प्रयोग लहान आहेत, काही तासांपुरते आहेत, आणि त्यांतले काही चहाच्या व्यापाराशी संबंधित कंपन्यांनी केलेले आहेत. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये सगळा पुरावा तपासला. आकलन सुधारते, मानसिक ताण कमी होतो, झोप नीट लागते, यांपैकी एकाही दाव्याचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असा निष्कर्ष त्यांनी दिला. त्यानंतरही संशोधन चालू आहे आणि ते चालू राहावे. मात्र कॅप्सूलच्या डबीवरची वाक्ये त्या निष्कर्षाच्या फार पुढे पळत आहेत.

आता मात्रेचा हिशेब. २०११ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत २०० मिलिलिटर काळ्या चहाच्या कपात सरासरी सुमारे २४ मिलिग्रॅम थिअनिन आढळले. हिरव्या चहाच्या कपात सुमारे ८ मिलिग्रॅम. हिरवा चहा म्हणजे अधिक गुणकारी अशी समजूत असलेल्यांनी हा आकडा पाहून ठेवावा. पत्ती पाण्यात किती वेळ राहिली यावर बरेच अवलंबून होते. थोडे दूध आणि साखर घातल्याने फरक पडला नाही; दूध जास्त झाले तेव्हा मात्र थिअनिन कमी सापडले. आणि आपला चहा कसा असतो? येडशी किंवा येरमाळ्याच्या फाट्यावरच्या हॉटेलात सकाळी पातेले चढते. पाणी, साखर, ठेचलेले आले, मग पत्ती. उकळी फुटली की दूध, आणि पुन्हा दोन-तीन उकळ्या. भूम-परंडा पट्टा खव्याचा, कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध आहे. दुधाला इथे मान आहे आणि घट्ट चहा हे चांगल्या हॉटेलाचे लक्षण मानतात. शिवाय गिऱ्हाईक मागते ‘हाफ’. त्यात सत्तर-ऐंशी मिलिलिटर भरतात, त्यातलेही निम्मे दूध. म्हणजे एका हाफमध्ये थिअनिन दहा मिलिग्रॅमच्या आतच राहणार. प्रयोगशाळेतल्या २०० मिलिग्रॅमशी बरोबरी करायची तर वीसच्या वर हाफ प्यावे लागतील, आणि तोवर कॅफीन आणि साखरेने माणूस हैराण झालेला असेल.

इतक्या थोड्या मात्रेचा काही उपयोग होतो का? आमच्या मते थोडा होत असावा. ५० मिलिग्रॅमनेही अल्फा लहरींत फरक पडल्याचे २००८ च्या एका अभ्यासात दिसले आहे. त्या अभ्यासातली एक बारीक बाब आम्हाला महत्त्वाची वाटते. लहरी मोजताना ती माणसे डोळे मिटून निवांत बसवलेली होती. त्यावरून, बसल्याशिवाय थिअनिन काम करत नाही, असा निष्कर्ष काढता येणार नाही. पण ज्या शांततेची मोजणी झाली ती बसलेल्या माणसाची आहे, एवढे निश्चित. धाराशिवच्या इतिहासाकडे याच नजरेने पाहिले की पुढचे बरेच उलगडते.

महाराष्ट्रात चहावरून पहिले मोठे वादळ उठले ते ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात. पंचहौद मिशनमध्ये एका समारंभानंतर मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता हात लावून कप बाजूला सारला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापवली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झाला. टिळकांनी आणि पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. त्या वादात चहा अंगाला चांगला की वाईट, हे कोणी विचारले नाही. तो कोणी ओतला, कोणाच्या पंक्तीला बसून प्याला, यावर सारे भांडण होते. चहा पिणे म्हणजे सोबत बसणे, हे त्या काळच्या सनातन्यांना पक्के ठाऊक होते.

व्यापाराचे गणित निराळे होते. आसामच्या जंगलात रॉबर्ट ब्रूसला सिंगफो लोकांकडे चहाचे झाड आढळले ते १८२३ मध्ये. १८३९ मध्ये आसाम कंपनी उभी राहिली. साठ-सत्तर वर्षे हा माल मुख्यतः विलायतेला गेला. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, खाणी, रेल्वे स्थानके इथे चहाची दुकाने थाटली गेली. १९३०च्या मंदीत परदेशी भाव पडले, तेव्हा देशातल्या गिऱ्हाइकाकडे खरे लक्ष गेले. घरोघरी प्रात्यक्षिके झाली, चहा कसा करावा हे देशी भाषांत सांगणारे पत्रे स्थानकांवर लागले. त्या प्रचारात चहा विकला जाई तो तरतरीसाठी, थकवा घालवण्यासाठी. काम अधिक होते, असा मालकांना दिलासा असे. शांततेचा तिथे उल्लेखही नव्हता. एकच पान, पण माल खपवायचा तेव्हा एका शतकात त्याचे जोम म्हणून गुणगान झाले आणि दुसऱ्यात निवांतपणा म्हणून होते आहे.

रेल्वे गेली तिथे चहा गेला, हा साऱ्या देशाचा अनुभव. आपल्या भागात ती रेल्वे म्हणजे बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरची अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत धावली, १९०७ पर्यंत निजामाच्या हद्दीतल्या तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला टेकली. येडशी, ढोकी, तडवळे ही स्थानके या जिल्ह्यातली. धाराशिव शहराला मात्र रुळांसाठी एकविसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले. एक रेल्वेमार्ग ब्रिटिश मुलखातून निजामाच्या मुलखात येतो, तेव्हा त्याबरोबर काय काय येते याचा तपशीलवार अभ्यास मराठवाड्यात व्हायला हवा होता. कापूस आणि भुईमूग बाहेर गेले, साखर, रॉकेल, कापड आत आले. चहाची पुडी या सामानात होती.

विरोधही झाला, आणि तो नीट ऐकण्याजोगा होता. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, १९४२ मध्ये, गांधीजींनी आरोग्यावर जे प्रकरणवार लेखन केले, त्यात चहा-कॉफी शरीराला अनावश्यक ठरवली आणि उकळलेल्या चहातल्या टॅनिनबद्दल सावध केले. टॅनिनबद्दलची ती काळजी पोषणशास्त्राने वेगळ्या वाटेने खरी ठरवली, त्याकडे पुढे येतो. पण लोकांनी गांधीजींचे हे ऐकले नाही. १९४७ मध्ये चित्रकार अन्नदा मुन्शी यांच्या जाहिरातीत चरख्याजवळ बसलेली स्त्री आणि कप दाखवून चहा शंभर टक्के स्वदेशी ठरवला गेला. मळ्यांची मालकी तेव्हा बहुतांशी गोऱ्यांची होती, हे त्या चित्रात नव्हते.

आणि मग हॉटेल. मराठवाड्याच्या गावांतले हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी, भिंतीवर देवांचे फोटो आणि दाराशी वर्तमानपत्र. कोणत्याही जातीचा माणूस पैसे देऊन जिथे आत शिरू शकतो अशी ही गावातली पहिली जागा ठरू शकली असती. तसे सहजासहजी झाले नाही. दलितांसाठी बाहेर खुंटीला किंवा वळचणीला वेगळी कपबशी असे. चहा पिऊन ती आपणच विसळून ठेवायची, बाकड्यावर टेकायचे नाही, उभ्याने किंवा जमिनीवर उकिडवे बसून घोट घ्यायचा. पत्ती तीच, दूध तेच, दामही तेवढाच. ज्या घोटाने पाटलाच्या कपाळावरची आठी सैल होई, तोच घोट घेताना बाहेरच्या माणसाला आपली पायरी आठवून दिली जाई. त्या कपातले थिअनिन मोजले असते तर तितकेच भरले असते. त्या माणसाला शांतता मिळाली असेल, असे कोण म्हणेल?

फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे इथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. निजामी राजवटीत, बार्शी लाइटच्या एका लहानशा स्थानकाच्या गावी, वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या वेठीविरुद्ध माणसे एकत्र बसली. पुढे २६ जानेवारी १९५० पासून जी घटना लागू झाली तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश नाकारण्यास स्पष्ट मनाई आहे. सतराव्याने अस्पृश्यताच नष्ट केली. चहाच्या बाकड्याचा प्रश्न घटनाकारांना राज्यघटनेत घालण्याएवढा मोठा वाटला. वळचणीची ती कपबशी मात्र कलमाच्या वेगाने हलली नाही. ती हलवायला दलित तरुणांना कितीतरी गावांत स्वतः बाकड्यावर जाऊन बसावे लागले आणि त्याचा मार खावा लागला.

चहा स्वस्त झाला तो ‘सीटीसी’मुळे. पान चिरडून, फाडून, गोळ्या करणारे हे यंत्र आसाममध्ये १९३० मध्ये बनले. पण खेड्यापाड्यांत त्याची दाणेदार पत्ती घुसली ती साठ-सत्तरच्या दशकांत. थोड्या पत्तीत गडद रंग येतो, दोनदा उकळता येते, दूध आणि साखर तोलून धरते. ढोकीला तेरणा साखर कारखाना उभा राहिला आणि साखर हीदेखील घरची झाली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका-माणसांच्या हाती भाकरीआधी चहा आला. भूक मारण्यासाठी चहा पिण्याची ती सवय दुष्काळ ओसरल्यावरही गेली नाही. कळंब, वाशी, भूम, परंडा भागांतून दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन निघणारे ऊसतोडीचे कोयते आजही पहाटे कोऱ्या किंवा नावाला दूध घातलेल्या चहावर फडात उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. चूल बाई पेटवते, चहा बाई करते, आणि सर्वांना देऊन उरला तर उभ्याउभ्या घशात ओतते.

बाईचा चहा हा वेगळा विषय आहे आणि त्यावर फार कमी लिहिले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. चहातली टॅनिनसारखी द्रव्ये धान्य आणि पालेभाज्यांतले लोह धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. सकाळी चहात भाकरी कुस्करून खाणे ही आपल्याकडची सर्वसाधारण न्याहारी. ज्वारीच्या भाकरीतले लोह आधीच शोषायला अवघड, त्यात वरून चहा. उपाय बिनखर्चाचा आहे: जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर, आणि लोहाची गोळी चहाबरोबर कधीही नाही. गावातल्या आशा कार्यकर्त्या हे सांगतात, पण घराघरांत ते नवऱ्यालाही सांगितले पाहिजे. चहा मागणारा तो असतो आणि वेळ ठरवणाराही तोच.

दमलेल्या बाईला विसावा हवा, अशी तुळजापूरला एक जुनी समज आहे. तुळजाभवानीची मूर्ती वर्षातून तीन वेळा मंचकावर निजवतात. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागिरीपर्यंतच्या निद्रेला श्रमनिद्रा म्हणतात. नऊ दिवसांच्या युद्धाने देवी दमली, तिला विसावा. त्याच कोजागिरीला सोलापूरहून लाखो माणसे रात्रभर पायी चालत तुळजापूरला येतात. पंचेचाळीस किलोमीटरचा तो रस्ता पहाटेपर्यंत माणसांनी भरलेला असतो, आणि कडेला मंडपांत मोठमोठी पातेली धगधगत असतात. तिथे चहा फुकट मिळतो. जात कोणी विचारत नाही. बाया आणि पोरी रस्त्याकडेच्या सतरंजीवर पाय पसरून बसतात, तळव्यांचे फोड बघतात, दोन्ही हातांत कागदी पेला धरून फुंकर घालत चहा पितात. त्यातल्या कितीजणींना एरवी घरी असा बसून चहा मिळतो?

शांततेची या जिल्ह्याला गरज आहे, आणि ती जाहिरातदारांनाही कळलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप किल्लारीच्या नावाने ओळखला जातो, पण लोहारा-उमरगा भागातल्या सास्तूरसारख्या गावांनीही त्या पहाटे शेकडो माणसे गमावली. मग दुष्काळामागून दुष्काळ. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी सरकारने बळीराजा चेतना अभियान प्रायोगिक म्हणून सुरू केले ते यवतमाळ आणि उस्मानाबाद (म्हणजे आजचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची ‘जलदूत’ रेल्वे गेली ती कुर्डुवाडी-उस्मानाबाद मार्गाने. ज्या मार्गाने शंभर वर्षांपूर्वी चहा-साखर आली, जवळपास त्याच मार्गाने प्यायचे पाणी न्यावे लागले. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबाद घातला. नाव बदलून धाराशिव झाले, पण विहिरीच्या तळाशी आणि बँकेच्या खात्यात काही बदलले नाही.

अशा ठिकाणी रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला थिअनिनची डबी विकणे आम्हाला अयोग्य वाटते. तो घटक फारसा अपायकारक नाही, अमेरिकेच्या नियामकांनी २००७ मध्ये त्याच्या वापराला हरकत घेतली नाही, हे खरे. अपाय आहे तो उशिराचा. औदासीन्य हा आजार आहे, त्यावर डॉक्टर आहेत, औषधे आहेत, समुपदेशन आहे. कॅप्सूल घेऊन बघू म्हणत गेलेले तीन महिने जिवावर बेतू शकतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, रात्रंदिवस, पैसे लागत नाहीत. तो क्रमांक जिल्ह्यातल्या प्रत्येक चहाच्या हॉटेलात, दरपत्रकाशेजारी, ठळक अक्षरांत लागला पाहिजे. संकटातला माणूस आरोग्य केंद्रात जाण्याआधी हॉटेलात येतो. तो तिथे येऊन नेहमीसारखा बोलत नाही, पेपर हातात घेऊन नुसता बसतो, उधारी वाढवतो, हे सर्वांत आधी हॉटेलवाल्याच्या लक्षात येते. बळीराजा अभियानासारखे काही पुन्हा हाती घेतले, तर गावातल्या हॉटेलवाल्यांना त्याच्या पहिल्या बैठकीला बोलवावे.

अभ्यासाचेही काम आहे, आणि ते इथेच होण्यासारखे आहे. थिअनिनची मोजणी झाली ती विलायती पद्धतीच्या कपांची. आपल्या पातेल्यातला, तीनदा उकळलेला, निम्म्या दुधाचा, साखरेने गच्च झालेला चहा कोणीतरी तपासावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे, धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र आहे. तिघांनी मिळून दहा गावे घ्यावीत. पहिल्यांनी हाफमधले थिअनिन, कॅफीन, टॅनिन आणि साखर मोजावी. दुसऱ्यांनी बायकांचे हिमोग्लोबिन आणि त्यांच्या चहाच्या वेळा एका तक्त्यात मांडाव्यात. आणि तिसऱ्यांनी प्रत्येक गावच्या हॉटेलात दिवसभर थांबून नोंद घ्यावी: आत कोण येते, बाहेरूनच पेला घेऊन कोण जाते, बाकड्यावर किती वेळ कोण बसते, आणि दिवसभरात त्या बाकड्यावर एकतरी बाई बसली का.